गाडी घेताय? मग वही-पेन्सिल घेऊन बसा

मैत्रिणींनो, चारचाकी गाडी हा विषय आपल्या पुरवणीत कसा, असं तुम्हाला वाटेल. पदार्थ, आरोग्य, मुलांचे अभ्यास यांच्या शेजारी गाडीचं काय काम? पण आमच्या जाफराबादला मी गेली काही वर्षं बघते आहे. घर आणि लग्नकार्य सोडलं तर संसारातला सगळ्यात मोठा खर्च आता गाडीवर होतो, आणि तो ठरवताना घरातल्या बाईला कुणी विचारत नाही. पाटल्या मात्र तिच्याच गहाण पडतात. बचत गटाचं कर्जही तिच्याच सहीने निघतं. गाडी दारात आली की तिच्या हातात काय, तर ओवाळायचं ताट!

‘मला काय कळतं त्यातलं?’ असं आपणच म्हणतो. मला वाटतं, यातलं सगळ्यात महत्त्वाचं आपल्यालाच कळतं. कारण गाडी घेणं हा शेवटी महिन्याच्या किराण्यासारखा हिशोब आहे.

आमच्या तालुक्याला रेल्वे नाही. आगगाडी धरायची तर जालना, जिल्ह्याची कचेरी जालना, मोठा दवाखाना म्हटलं की जालना, नाहीतर छत्रपती संभाजीनगर. जालना जाऊन-येऊन शंभर किलोमीटर धरा आणि संभाजीनगर दोनशेच्या घरात. रोज अप-डाऊन करणारे शिक्षक आणि बँकवाले, दुकानोदुकानी माल पोचवणारी मुलं, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे पेशंट असे कितीतरी जण या रस्त्यावर असतात. रोज शंभर किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस म्हटलं तर वर्षाला ३०,००० किलोमीटर झाले. शहरातली घरगुती गाडी साधारण दहा-बारा हजार चालते. म्हणजे आपली गाडी अडीच-तीन वर्षांचं काम एका वर्षात करते. आणि हातात असतात दोन-तीन लाख. नवी परवडत नाही, म्हणून जुनी बघायची. पण शहरातल्या माणसाला जी जुनी गाडी चालेल, ती आपल्याला चालेलच असं नाही.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. गाडी हवीच आहे का? मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत निम्मं तिकीट आहे. एकटीलाच जायचं असेल आणि बसची वेळ जुळत असेल, तर कुठलीही गाडी एसटीपेक्षा महागच पडणार. घरातले दोघं-तिघं रोज जाणार असतील, पेशंट असेल, मालाची ने-आण असेल किंवा रात्री परतायला बसच नसेल, तरच पुढचा विचार करा.

आमच्या गटातल्या एकीच्या घरी दीड लाखात मोठी, भारदस्त गाडी आली. चौदा वर्षांची होती, पण रंग कसा चकाचक, गाणी कशी दणदणीत! पेढे वाटले. पुढच्या वर्षभरात टायर बदलले, क्लच बदलला, एकदा तर देऊळगाव राजाच्या रस्त्यावर भर उन्हात तीन तास उभं राहावं लागलं. तेवढ्यात नोंदणीची पंधरा वर्षं संपली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर गाडी तपासून घेऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. ती बाई मला म्हणाली, “ताई, गाडी स्वस्त मिळाली, पण सांभाळायला हत्ती मिळाला.”

म्हणून वही-पेन्सिल घ्या आणि हा हिशोब मांडा. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. वर्षाला ३०,००० किलोमीटर. लिटरला १४ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला सव्वादोन लाखांचं पेट्रोल पिते. १८ देणारी पावणेदोन लाखांचं. फरक ५० हजारांचा, आणि तोही दरवर्षी! म्हणजे एक गाडी दुसरीपेक्षा लाखभर रुपयांनी स्वस्त मिळाली, तरी दोन वर्षांत तो फायदा पंपावर सांडून जातो. शहरात वर्षाला दहा हजार चालवणाऱ्याला हा फरक सहा वर्षांनी जाणवेल, आपल्याला दोनच वर्षांत. जास्त चालवणाऱ्याने गाडीची किंमत एकदा बघावी आणि ॲव्हरेज तीनदा बघावं.

मग डिझेल घ्यावं का? डिझेल ९२ रुपये आणि लिटरला २० किलोमीटर धरलं, तर वर्षाचा खर्च एक लाख अडतीस हजार. बचत दिसते खरी. पण जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर, टर्बो असले भाग बिघडले की एका फटक्यात ती बचत जाते. शिवाय मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनवणं बंद केलं, त्यामुळे बाजारातली तिची प्रत्येक डिझेल गाडी आता पाच वर्षांच्या वरची आहे. रोजचा लांबचा रस्ता असेल आणि सर्व्हिसची बिलं मालकाकडे असतील, तरच डिझेलकडे वळा. सीएनजी सगळ्यात स्वस्त. किलोला ९५ रुपये आणि २५ किलोमीटर धरले, तर वर्षाला एक लाख चौदा हजार. पण पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का आणि रांग किती असते, ते आधी बघा. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, तिचा दाखला मागा. पेट्रोल गाडी घेणार असाल तर आणखी एक. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीचं ॲव्हरेज थोडं कमी धरा आणि रबरी नळ्या मिस्त्रीकडून तपासून घ्या.

आता वय बघावं की किलोमीटर? बाजारातून बैलजोडी आणताना आपली माणसं काय करतात? तोंड उघडून दात बघतात. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, ते ठरवतात. मग चालवून बघतात. शिंगं रंगवली म्हणून कुणी भुलत नाही. गाडीत नेमकं उलटं होतं, रंगालाच भुलतो. आणि बैलाचे दात खोटं बोलत नाहीत, गाडीचा मीटर मात्र मागे फिरवता येतो. मीटर ४० हजार दाखवतो आणि पायाखालच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग घासून चकाकतंय, चालवणाऱ्याची सीट खचलीय, तर समजून घ्या. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात. तीन-चार बिलं ओळीने लावा, खरं-खोटं बाहेर येईल.

माझं मत विचाराल, तर जास्त चालवायची असेल तेव्हा बारा वर्षांच्या ‘कमी चाललेल्या’ गाडीपेक्षा सहा वर्षांची, हायवेवर ऐंशी हजार चाललेली आणि वेळेवर सर्व्हिस झालेली लहान गाडी बरी. उभ्या गाडीचं रबर वाळतं, बॅटरी बसते. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चाललेली गाडी गर्दीत रखडलेल्या गाडीपेक्षा कमी झिजते. मॉडेल असं निवडा की ज्याचे पार्ट भोकरदनला किंवा जालन्याला मिळतील आणि गावातल्या मिस्त्रीचा हात ज्यावर बसलेला आहे. वॅगन-आर, अल्टो, स्विफ्ट, आय-टेन अशा गाड्या गावोगावी दिसतात, त्या त्याचमुळे. रोज चालणारी गाडी एका पार्टसाठी आठ दिवस उभी राहिली, की आठ दिवसांची कमाई गेली.

सुरक्षिततेवर मात्र काटकसर करू नका. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस ब्रेक आणि जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. म्हणून शक्यतो त्यानंतर बनलेली गाडी बघा. आपला माणूस रोज अंधारात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या गर्दीतून परतणार आहे. पन्नास हजार वाचवण्यासाठी हे सोडायचं का?

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, “सुरू करून ठेवू नका.” थंड इंजिनच खरं बोलतं. बॉनेटवर हात ठेवून बघा. सुरू केल्यावर निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. सायीसारखं पांढरट काही चिकटलेलं असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्या. पंधरा-वीस किलोमीटर चालवल्याशिवाय आणि आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. टायरवर चार आकडे एकत्र छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी टायर पाच-सहा वर्षांचे असतील तर बदलायचा खर्च धरा. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, तो आपल्याच जिल्ह्यातून जातो. तिथल्या वेगात आणि तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर म्हणजे जिवाशी खेळ.

पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला येतात, हेही लक्षात ठेवा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडकडे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच मराठवाड्यात पाण्याने काय केलं, ते आपण पाहिलं. पायपुसणी उचलून वास घ्या, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आहे का बघा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून मातीचा डाग शोधा. घरातल्या कानाकोपऱ्यातली ओल आपल्याला बरोबर सापडते, इथेही सापडेल.

कागदपत्रांचं म्हणाल तर सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसीवरही असतो. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. कितवा मालक, विमा, पीयूसी सगळं दिसतं. ई-चलन थकलंय का तेही तपासा. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी बसवलीय का पाहा. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या फार स्वस्तात मिळतात, कारण तिथे दहा वर्षांच्या डिझेलवर निर्बंध आले. पण परराज्यातली गाडी आणली की तिथलं ना-हरकत पत्र, इथला कर आणि नवा नंबर हे सगळं आलं. ती बेरीज आधी करा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्या. आणि आपली जुनी गाडी विकत असाल तर ‘नंतर नाव बदलू’ हे ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. अपघाताच्या भरपाईची नोटीस त्याच्याच दारात येते.

आणखी एक सावधगिरी. कर्जाचा हप्ता निघावा म्हणून पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने प्रवासी नेऊ नका. त्यासाठी पिवळी पाटी आणि परमिट लागतं. तसं नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते आणि घर रस्त्यावर येतं.

भाव करताना नव्या गाडीची किंमतही विचारून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या उतरल्या. जुनी विकणारा अजून आधीचाच भाव सांगत असेल तर तसं स्पष्ट बोला. आणि तीन लाख हातात असतील तर अडीच लाखांचीच गाडी घ्या. उरलेले पन्नास हजार ऑइल, टायर, बॅटरी, विमा आणि नावबदलासाठी बाजूला ठेवा. वर्षाला ३०,००० किलोमीटर म्हणजे ऑइल वर्षातून एकदा बदलून भागत नाही, दर दहा हजारांना, म्हणजे तीनदा बदलावं लागतं. तो खर्च महिन्याच्या यादीत दूध-किराण्याशेजारी लिहा.

मी घरोघरी जाते तेव्हा बायकांना हेच सांगते. बयाण्याच्या आदल्या रात्री नवऱ्याला, मुलाला समोर बसवा आणि विचारा. रोज किती किलोमीटर? लिटरला किती देते? बिलं कुठे आहेत? आरसीवर बोजा आहे का? पन्नास हजार बाजूला ठेवलेत का? उत्तरं वहीत लिहून घ्या. सगळी मिळाली नाहीत तर पाटल्या कपाटातच राहू द्या, पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी बघता येईल. आणि उत्तरं मिळाली, पाटल्या तुमच्याच गेल्या, तर आरसीही तुमच्याच नावावर होऊ द्या. लर्निंग लायसन्सचा अर्ज त्याच आठवड्यात भरा.