मास्तर व्हायला जर्मनीला?

गेल्या रमजान ईदची गोष्ट. मिरजेला बहिणीच्या घरी शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या. तेवढ्यात जर्मनीहून भाचीचा फोन आला. सलाम-दुआ झाली, ईद मुबारक झाले, फोन या हातातून त्या हातात फिरला. फोन ठेवल्यावर जमातीतल्या एका वजनदार बुजुर्गांनी माझ्या मेहुण्यांना विचारले, "कंपनी कुठली म्हणे पोरीची?"

मेहुणे म्हणाले, "कंपनी नाही, चाचा. शाळेत शिकवायचं शिकतेय. गणिताची टीचर होणार."

बुजुर्गांनी वाटी खाली ठेवली. "मास्तरीण व्हायला जर्मनीला? प्लॉट विकून? अरे, डी.एड. तर इथं गल्लीत होतं!"

सगळे हसले. मीही हसलो. चौतीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेला मी त्या हसण्यात सामील झालो. हा लेख म्हणजे त्या हसण्याचा कफ्फारा आहे.

मुलगी जर्मनीला का गेली, हे त्या बैठकीत कोणीच विचारले नाही. म्हणून ते आधी सांगतो. एम.एस्सी., बी.एड. होऊन ती 2017 मध्ये नोकरीसाठी फिरली. एका अनुदानित शाळेत जागा होती. मुलाखत चांगली झाली. मग संस्थेकडून निरोप आला, जागेसाठी 'सहकार्य' करावे लागेल. सहकार्याचा आकडा लाखांत होता. ती संस्था परक्यांची नव्हती. आपलीच होती. तिच्या दिवाणखान्यात कौमच्या तालिमीवर भाषणे होतात आणि सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातले दाखले दिले जातात. मुलगी घरी येऊन म्हणाली, "मामू, एवढे पैसे भरून वर्गात उभं राहायचं, तर मुलांना प्रामाणिकपणा कुठल्या तोंडानं शिकवू?" माझ्याकडे उत्तर नव्हते. 2018 मध्ये ती गेली. लाच द्यायला न विकलेला प्लॉट मेहुण्यांनी शिक्षणासाठी विकला.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, हे आता आपल्या मोहल्ल्यातही सर्वांना ठाऊक झाले आहे. पण राहण्या-खाण्याची सोय आहे हे दाखवायला वर्षाची रक्कम आधीच एका बंद खात्यात ठेवावी लागते. 2018 मध्ये ती 8,640 युरो होती, 2024 पासून 11,904 युरो आहे. दर महिन्याला त्यातला ठरावीक हप्ता मिळतो. 2023-24 मध्ये तिथे भारतातून गेलेले विद्यार्थी 49 हजारांवर होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक. त्यांतले बहुतेक इंजिनिअरिंग, संगणक नाहीतर व्यवस्थापन शिकणारे. शिक्षक व्हायला गेलेले शोधावे लागतात.

त्याचे कारणही आहे. इंजिनिअरिंगचे कितीतरी अभ्यासक्रम इंग्रजीत मिळतात, शिक्षकाचा मिळत नाही. ज्या भाषेत मूल विचार करते ती भाषा शिक्षकाला यायलाच हवी, हा साधा न्याय. भाचीने जर्मन पुण्यात सुरू केली आणि तिथे सी-वन पातळीपर्यंत नेली. आपले बी.एड. घेऊन गेलेल्याला तिथे पहिला धक्का बसतो तो विषयांचा. माध्यमिक शिक्षकाला सर्वसाधारणपणे दोन विषय शिकवता आले पाहिजेत आणि दोन्ही विद्यापीठात पदवीच्या तोलाने शिकलेले असले पाहिजेत. हिच्याकडे गणित होते, दुसरा विषय नव्हता. मग भौतिकशास्त्र घेऊन ती पुन्हा पदवीच्या बाकावर बसली. वय सव्वीस, शेजारी एकोणीस वर्षांची पोरे. त्यानंतर मास्टर ऑफ एज्युकेशन. ती राहते त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात त्यातले जवळपास पाच महिने शाळेत काढावे लागतात. एवढे सगळे झाल्यावर माणूस शिक्षक होतो का? नाही. पुढे रेफेरेंडारियाट, म्हणजे सरकारी उमेदवारी. त्या राज्यात ती 18 महिन्यांची, इतर काही राज्यांत 24 पर्यंत. उमेदवार पगार घेतो, वर्ग घेतो आणि त्याच वेळी शिकतोही. प्रशिक्षक वर्गात मागे येऊन बसतात, तास पाहतात आणि नंतर समोर बसवून एकेका वाक्याचा हिशेब मागतात.

पाच महिन्यांच्या त्या काळातला एक प्रसंग तिने मला सांगितला. अपूर्णांकांचा तास होता. मुलांनी पटापट बरोबर उत्तरे दिली म्हणून ही खूश. तास संपल्यावर मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, "खिडकीजवळचा मुलगा काय विचार करत होता?" हिला सांगता येईना. बाई म्हणाल्या, "मग तुम्ही गणित शिकवलंत, त्याला नाही शिकवलंत." फोनवर हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. चौतीस वर्षांत माझ्या वर्गात मागे येऊन कोणी असे बसले नव्हते. साहेब यायचे, दप्तर तपासायचे, टाचणवहीवर सही करायचे, चहा घ्यायचे आणि जायचे.

आता आपल्याकडचे पाहा. 2000 पासून महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आहे. नव्या शिक्षकाने तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करायचे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला आरंभी महिना 3 हजार मिळत, 2023 मध्ये ते 16 हजार झाले. दोन्ही देशांत नवखा शिक्षक कमी पैशांवर राबतो. पण तिथला उमेदवार कच्चा आहे म्हणून त्याला शिकवले जाते. आपला शिक्षणसेवक स्वस्त पडतो म्हणून त्याला वापरले जाते. या एका फरकात सगळे आले.

यावर कोणी म्हणेल, मास्तरांना जर्मनीचे भारी कौतुक. नाही. जर्मनी म्हणजे जन्नत, असे मी म्हणत नाही. तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडे नेणारी शाळा कोणाला आणि लवकर कामाला लावणारी कोणाला, हे दहाव्या वर्षी ठरू लागते. 2001 च्या डिसेंबरमध्ये पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल लागले, तेव्हा खुद्द जर्मन लोक हादरले. बापाची ऐपत आणि मुलाचे गुण यांची गाठ तिथे फार घट्ट निघाली. 1961 च्या करारानंतर मजूर म्हणून आलेल्या तुर्कांची नातवंडे त्या चाळणीतून किती खाली पडली, हे तिथले शिक्षकच सांगतात. मोठेपण असेल तर ते एवढेच की त्यांनी ते लपवले नाही, त्यावर भांडले आणि अजून भांडताहेत.

दुसरा प्रश्न त्या ईदच्या दिवशी दबक्या आवाजात आला. "डोक्यावरचा स्कार्फ काढायला लावतात म्हणे?" याचे उत्तर ऐकीव गोष्टींवर नको. काबूलमध्ये जन्मलेल्या, जर्मन नागरिक झालेल्या फेरेश्ता लुदिन या शिक्षिकेने उमेदवारी पूर्ण केली, पण 1998 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने स्कार्फमुळे तिला नोकरी नाकारली. ती घटना न्यायालयापर्यंत गेली. 24 सप्टेंबर 2003 ला न्यायालयाने सांगितले, कायदा नसताना अशी बंदी घालता येणार नाही. झाले, एकूण आठ राज्यांनी कायदेच केले. ही लढाई तिथे संपली नाही. 2015 मध्ये त्याच न्यायालयाने नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या प्रकरणात सांगितले, सरसकट बंदी घटनेत बसत नाही, शाळेच्या शांततेला प्रत्यक्ष धोका असेल तरच मनाई करता येईल. बारा वर्षे लागली. अन्याय झाला हे खरे. बाईने न घाबरता दाद मागितली हेही खरे. आपण त्यातले पहिलेच तेवढे मुलींना सांगतो, तेही त्यांना घराबाहेर पडू न देण्यासाठी. माझी भाची स्कार्फ बांधते की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. तो तिचा प्रश्न आहे. आपला प्रश्न एवढाच की तिच्या डोक्यावर काय आहे याची जेवढी काळजी आपण करतो, तेवढी डोक्यात काय आहे याची कधी केली?

आणि हे सारे आपल्याला नवीन आहे का? झाकीर हुसेन 1922 मध्ये बर्लिनला गेले, अर्थशास्त्रात डॉक्टर झाले. 1926 मध्ये आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब यांच्यासह परतले, ते कोण्या बँकेत नव्हे, तर डबघाईला आलेल्या जामिया मिल्लियात. 1928 मध्ये तिथल्या शिक्षकांनी शपथ घेतली, वीस वर्षे सेवा करू, महिना दीडशे रुपयांवर पगार घेणार नाही. जर्मन विचारवंत केर्शेनस्टाइनर यांच्या हातांनी काम करत शिकण्याच्या कल्पनेचा झाकीरसाहेबांवर ठसा होता. 1937 मध्ये आपल्या वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, तेव्हा नव्या तालिमीचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. या तिघांची बर्लिनमधली मैत्रीण गेर्डा फिलिप्सबोर्न ही ज्यू बाई पुढे जामियात आली, लहान मुलांना शिकवू लागली, मुलांची 'आपाजान' झाली. 1943 मध्ये ती वारली. तिची कबर जामियाच्याच कब्रस्तानात आहे.

झाकीर हुसेन राष्ट्रपती झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. ते आधी मास्तर होते, हे मात्र विसरतो. फातिमा शेख यांचे नाव सावित्रीबाईंच्या बरोबरीने घेतो, टाळ्या घेतो, आणि घरातली मुलगी शिक्षिका होते म्हणाली की हसतो.

मी स्वतःचेही लपवत नाही. माझ्या मुलाला शिकवण्याची आवड होती. मी त्याला इंजिनिअरिंगला घातले. म्हणालो, "माझ्यासारखा खडू खात बसणार का?" ज्या धंद्याला धंदेवाईकच कमी लेखतो, त्याला समाज का मान देईल?

तेव्हा समाजाच्या कारभाऱ्यांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. तुमच्या ट्रस्टच्या शिष्यवृत्त्यांत डॉक्टर-इंजिनिअरच्या रांगेत शिक्षक होऊ पाहणाऱ्याचेही नाव लिहा, मग तो जर्मनीला जावो नाहीतर कोल्हापूरला. आणि आपल्या शाळांतल्या जागांचा लिलाव बंद करा. जोवर तो चालू आहे, तोवर "शिकून परत ये, कौमची खिदमत कर" असे त्या मुलीला म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

पुढच्या ईदला ते बुजुर्ग पुन्हा भेटतील. वाटी हातात घेऊन मी त्यांना सांगणार आहे, "चाचा, पोर मास्तरीण व्हायलाच गेली आहे. डी.एड. गल्लीत होतं, हे खरं. पण त्या गल्लीतल्या नोकरीचा भाव तुम्ही-आम्हीच ठरवला होता."

हसू कोणाला येते ते पाहू.