न किडलेल्या दाढेला लेप कशाला?

दंतवैद्याने मुलाच्या दाढांना सीलंट, म्हणजे खाचा बंद करणारा लेप, लावायला सुचवले की बहुतेक घरांत हाच प्रश्न निघतो. दाढ दुखत नाही, काळी पडलेली नाही, आणि दुधाचे दात तर पडणारच! मग खर्च कशाला?

यातला 'पडणारच' हा समज सर्वांत घातक. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते ती कोणताही दुधाचा दात न पाडता, सगळ्या दातांच्या मागे. आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. पडेल म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि कीड लागल्यावर कळते की हिच्या जागी दुसरी येणार नाही.

'आमचा मुलगा दोन वेळा ब्रश करतो' हे उत्तरही अपुरे आहे. ब्रश हवाच, फ्लोराइडची पेस्टही हवी. पण तिचा उपयोग दाताच्या गुळगुळीत बाजूंना जास्त होतो. दाढेच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस तळाशी जात नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा मात्र तिथे बसतो आणि जंतू त्याचे आम्ल करतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मते मुलांच्या दहापैकी नऊ किडी मागच्या पक्क्या दातांत होतात, आणि सीलंटमुळे दोन वर्षांत त्यांतल्या ८० टक्के टळतात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचे आकडे याहून सावध आहेत, पण कौल तोच आहे.

'कीड आत कोंडली गेली तर?' ही शंका रास्त आहे. खड्डा पडला असेल तर फिलिंगच हवे. पण खड्डा न पडलेली सुरुवातीची कीड लेपाखाली गेली, तर तिचे अन्न तुटते आणि ती बहुधा थांबते. म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशन अशाही दाढांना सीलंट सुचवते.

लेप निघतो, हे खरे. १९५५ साली दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी दाखवले की फॉस्फोरिक आम्लाने दाताचे आवरण किंचित खरबरीत केले की त्यावर लेपाची राळ घट्ट धरते. ही पकड लाळेने बिघडते. त्यामुळे दाढ कोरडी ठेवणे हेच या कामातले खरे कौशल्य. दाढ अर्धवटच वर आली असेल तर ग्लास आयोनोमर या पदार्थाचा लेप वापरता येतो. निघालेला लेप तपासणीत दिसतो आणि पुन्हा लावता येतो. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, प्रत्येक दाढेला काही मिनिटे. रूट कॅनाल आणि कॅपच्या खर्चाशी याची तुलनाच होत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांचे दात तपासले जातात. किडलेल्या दातांची नोंद करून थांबू नये; पहिली-दुसरीच्या मुलांच्या निरोगी दाढांना लेप लावण्याची सोयही सरकारने करावी. तोवर पालकांनी, मूल सहा वर्षांचे झाले की त्याला तोंड उघडायला सांगून शेवटच्या दुधाच्या दाढेमागे नवी दाढ आली आहे का ते पाहावे, आणि आली असेल तर ती दुखायची वाट न बघता दंतवैद्याकडे जावे.