बॅटरी वापरून मरत नाही, ठेवून मरते

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्रानं विचारलं, "अरे, तू ते सोलर वगैरे घेऊन कॅम्पिंगला जातोस ना? कुठली बॅटरी घेऊ?" मी म्हणलं, "आधी सांग, ट्रिप झाल्यावर ती ठेवणार कुठं?" तो माझ्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं, मी प्रश्नच नीट ऐकला नाही. पण माझं उत्तर खरंच एवढंच आहे. ते शिकायला मला सहा-सात हजार रुपये लागले, आणि अण्णांना एक रात्र. म्हणून हा वीकेंडचा लेख त्याच्यावर.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चौघं दर हिवाळ्यात कुठंतरी तंबू टाकतो. त्या वर्षी आमच्याच भागात, जिंतूरजवळ येलदरीच्या धरणाकाठी जायचं ठरलं. तिथं वीजनिर्मिती केंद्र आहे, आणि आम्ही काठावर पॅनेल मांडून मोबाइल चार्ज करणार, यातली गंमत तेव्हाच लक्षात आली होती! पॅनेल १०० वॅटचं घेतलं. बॅटरीसाठी पुण्यातल्या एका दुकानात गेलो. इंग्लंडकडं कॅराव्हॅन घेऊन फिरणारे लोक 'लेझर बॅटरी' नावाची वेगळी बॅटरी घेतात, हे नेटवर वाचलं होतं. दुकानदारानं विचारलं, "इन्व्हर्टरची देऊ का गाडीची?" इन्व्हर्टरची उचलवेना, म्हणून गाडीची ६५ अँपिअर-अवरची घेतली. "सगळीकडं चालते साहेब." इंजिनिअरिंगची डिग्री खिशात असून मी मान डोलावली.

येलदरीला दोन रात्री मस्त गेल्या. परत येताना सगळं सामान देवगाव फाट्याला घरी टाकलं आणि पुण्याची गाडी पकडली. बॅटरी अर्धी उतरलेली होती. ती गेली थेट आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडमधे, फवारणीच्या पंपाशेजारी. मग मार्च, एप्रिल, मे. परभणीचा उन्हाळा काय असतो ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. कृषी विद्यापीठाचा आकडा रोज पेपरात येतो, ४३, ४४. तो सावलीतला आकडा झाला. पत्र्याखाली किती असेल ते तुम्हीच बघा.

मे संपता संपता एक दिवस वादळ आलं, खांब पडले आणि लाइट गेली. त्याच रात्री आमची गाय विणार होती. अण्णांनी दिवसा माझं पॅनेल त्या बॅटरीला लावून ठेवलं. संध्याकाळी फोनवर मला म्हणाले, "मीटर १२.६ दाखवायलंय." मी इकडून ऐटीत सांगितलं, "फुल्ल आहे अण्णा, काळजी करू नका." १० वॅटचा एलईडी दिवा. बॅटरी निम्मीच वापरायची म्हणलं तरी ३५-४० तास चालायला पाहिजे. तो चालला वीस मिनिटं.

मोबाइलही उतरलेला. शेवटी अण्णांनी मोटारसायकल गोठ्याच्या तोंडाशी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि हेडलाइटच्या उजेडात गाय वेली. पाय अडकला होता, तो ओढून काढावा लागला. कालवड जगली. अण्णांच्या मांडीला मात्र लाथ बसली आणि पंधरा दिवस ते लंगडत होते. मी सुट्टी काढून गावी आलो तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वस्तू घेताना लई बघता तुम्ही लोकं. ठेवताना कोणी बघत नाही."

हे वाक्य डोक्यातून जाईना. मग बसून नीट अभ्यास केला. तर झालं काय होतं?

पहिली चूक बॅटरीच्या जातीची. गाडीच्या बॅटरीचं काम पैलवानासारखं, दोन-तीन सेकंदांत शंभर-दोनशे अँपिअरचा हिसका देऊन इंजिन फिरवायचं, मग आराम. त्यासाठी तिच्या आत पातळ आणि भरपूर प्लेटी असतात. रात्रभर थोडा थोडा करंट देत खोलवर उतरणं तिला झेपत नाही. त्याला जाड प्लेटीची, ट्यूब्युलर बॅटरी लागते. त्या रात्री मोटारसायकलच्या बॅटरीनं आपलं काम चोख केलं, कारण तिला तिचंच काम दिलं होतं.

दुसरी चूक जास्त मोठी, ठेवण्याची. शिशाची बॅटरी उतरते तेव्हा प्लेटींवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळून जातं. तशीच पडू दिली तर त्याचे कडक खडे होतात आणि मग ते निघत नाहीत. त्यात उन्हाळा. साधा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आपोआप उतरणं दुप्पट होतं आणि आयुष्य साधारण निम्मं. म्हणजे अर्धी उतरलेली बॅटरी तीन महिने पत्र्याखाली ठेवणं म्हणजे तिला मारायचंच ठरवल्यासारखं.

आणि ते १२.६? ते मीटर खोटं नव्हतं, माझं वाचन खोटं होतं. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीचं व्होल्टेज वरवर चढलेलं असतं. काही तास मोकळी ठेवून बघितलं, किंवा लोड लावून बघितलं, तरच खरं कळतं. आमच्याकडं घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवतात, तेव्हा कोणी नुसतं दाण्याकडं बघून पेरत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजतात. पोत्यांची उंच थप्पी लावत नाहीत, खाली फळ्या टाकतात, पोतं आपटत नाहीत. बियाण्याला हे सगळं करणारे आम्ही, बॅटरी मात्र फवारणीच्या पंपाशेजारी!

(फळीवरून आठवलं. बॅटरी फरशीवर ठेवली की करंट जमिनीत जातो, असं शेजारचे काका अजून सांगतात. जुन्या काळच्या लाकडी-रबरी पेट्यांच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला काही होत नाही. असो.)

आता माझं मत. दुकानात सगळे अँपिअर-अवर आणि वॉरंटीचे महिने विचारतात. मी म्हणतो, वर्षातले किती दिवस ती पडून राहणार ते आधी मोजा. आपल्यासारख्यांची ट्रिप वर्षातून दहा-बारा दिवस. म्हणजे आपण खरेदी करतो ती मुख्यतः पडून राहणारी वस्तू. मग पडून राहणं जिला सोसतं तीच घ्यावी.

तशी बॅटरी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. हे रसायन १९९७ साली पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी टेक्सासमधे जगापुढं मांडलं. त्यातल्या गुडइनफना २०१९ मधे लिथियम बॅटरीच्याच कामासाठी नोबेल मिळालं. ही बॅटरी हळू उतरते, अर्धी भरलेली ठेवली तर उलट बरं वाटतं तिला. वजन शिशाच्या निम्म्याहून कमी. हिशोब बघा: दिवे ६० वॅट-अवर, छोटा डीसी पंखा रात्रभर १६०, चार मोबाइल ६०, एकूण २८०. शिशाची बॅटरी निम्मीच वापरायची म्हणून किमान ५० अँपिअर-अवर पाहिजे. लिथियमची ८० टक्के वापरता येते, ३० मधे भागतं.

पण तिचेही नखरे आहेत. चार्ज कंट्रोलरला लिथियमचं सेटिंग पाहिजेच. व्होल्टेज बराच वेळ जवळपास सारखंच राहतं, त्यामुळे मीटर बघून किती उरली ते कळत नाही. किंमतही सुरुवातीला झोंबते. आणि ऊन तिलाही बाधतं.

म्हणजे लिथियम घेतली की सुटलो, असं नाही. आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोपीवर छोटं पॅनेल आणि स्वस्तातली बॅटरी असते, पण ती रोज भरते, रोज उतरते, आणि हंगामभर चालताना मी बघितली आहे. खरं कॅम्पिंग ते लोक करतात, पोटासाठी, सहा-सहा महिने. त्यांच्या बॅटरीला पडून राहायला वेळच नाही.

त्यावरून मी उलटा विचार केला. आता ५० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी घेतली आहे, आणि ती माझी नाही, अण्णांची आहे. आखाड्यावर पत्र्याखाली नाही, शेजारच्या मातीच्या खोलीत, जाड भिंतीच्या कोनाड्यात ती बसते. रोज दिवा आणि पंखा चालवते. महिन्यातून एकदा अण्णा रात्रभर दिवा लावून तिची 'उगवण' तपासतात. ट्रिप ठरली की मी ती उसनी नेतो.

मागच्या डिसेंबरात न्यायला गेलो तर अण्णांनी आधी विचारलं, "परत कधी आणणार?" म्हणलं, "सोमवारी." त्यांनी कॅलेंडरवर खूण केली. ती कालवड आता गाभण आहे.