परदेशी हंगामाचा परवाना : आधी मालक, मग कागद

लोणंदच्या बाजारात कांदा आणणारा शेतकरी हिशेबास पक्का असतो. कांद्याचे दोन किलो बी घेतानादेखील तो पिशवीवरील लॉट क्रमांक पाहतो, दुकानदाराकडून पावती घेतो आणि पीक हाती येईपर्यंत रिकामी पिशवी जपून ठेवतो. उगवण फसली तर तक्रार कशाच्या आधारावर करावयाची, हे त्यास ठाऊक असते. हाच शेतकरी मुलाला परदेशातील फळबागेत हंगामी कामास धाडताना, ओळखीचा माणूस म्हणून कोणाच्याही हाती पावतीवाचून लाखो रुपये देण्यास तयार होत असेल, तर ती गोष्ट गंभीर मानली पाहिजे. बी वाया गेल्यास एक हंगाम बुडतो. येथे जमीन अथवा दागिने गहाण पडलेले असतात.

या बाबतीतील मूळ घोटाळा एका समजुतीत आहे. ‘वर्क परमिट’ ही विकत मिळणारी वस्तू आहे, ती आधी मिळवावी आणि मग तिकडे जाऊन काम शोधावे, असे अनेकांस वाटते. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा आहे. हंगामी कामाचा परवाना हा मजुरासाठी स्वतंत्रपणे निघत नाही. ठराविक मालकाला ठराविक काळासाठी माणसे हवी आहेत, म्हणून तो निघतो. मालक ठरण्यापूर्वी जो परवाना देऊ करतो, तो नसलेली वस्तू विकत असतो, असे खुशाल समजावे.

ब्रिटनचे उदाहरण घ्यावे. तेथे फळे-भाजीपाल्याच्या तोडणीसाठी २०१९ साली हंगामी कामगारांची योजना प्रयोगादाखल सुरू झाली. आरंभी तीत अडीच हजार जागा होत्या. २०२५ साली फळबागा व भाजीपाल्यासाठी ४३,००० जागा होत्या. या योजनेत शेतमालक स्वतः माणसे बोलावीत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या संस्था कामगार निवडतात व त्याच त्याला प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र देतात. हे प्रमाणपत्र म्हणजे शिक्क्याचा छापील कागद नव्हे, संगणकातील नोंद होय; उमेदवाराच्या हाती येतो तो तिचा क्रमांक. त्या क्रमांकावाचून व्हिसाचा अर्ज होत नाही. एका वेळी सहा महिन्यांपेक्षा अधिक राहता येत नाही, कुटुंब नेता येत नाही, आणि ही मुदत संपली की तेथेच दुसरी नोकरी धरून कायम राहण्याची सोय नाही. ‘एकदा जाऊ द्या, पुढे कायमचे होईल’ असे सांगणाऱ्याचे पुढील बोलणे ऐकण्याचे कारण उरत नाही.

इटलीची रीत निराळी, पण तत्त्व तेच. तेथे शेतमालक आपल्या जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत अर्ज करून ‘नुल्ला ओस्ता’ नावाची अनुमती मिळवितो. त्यानंतरच मजुराने इटलीच्या वकिलातीकडे व्हिसा मागावयाचा असतो. हंगामी परवान्याची कमाल मर्यादा नऊ महिने आहे. भारत व इटली यांच्यात २ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेल्या करारात भारतीय कामगारांस राखीव जागा देण्याचे ठरले. तेव्हापासून या देशाचे नाव अधिक कानी येऊ लागले. तेथील धोका निराळ्या जागी आहे. मजूर पोहोचल्यावर मालकाने त्याच्याशी रीतसर करार करावा लागतो व त्यावर राहण्याचा परवाना मिळतो. मालकाने तोंडच दाखविले नाही तर खरा व्हिसा घेऊन गेलेला माणूसही काही आठवड्यांत बेकायदा ठरतो. मग तो मुकादमाच्या तावडीत सापडतो. २०२४ च्या जूनमध्ये इटलीतील लातिना भागात कागदपत्रांविना राबणाऱ्या एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला रुग्णालयात न नेता घराबाहेर टाकून देण्यात आले व पुढे तो मरण पावला. सारा युरोप या वार्तेने हादरला होता.

ही गोष्ट मराठी माणसास अगदीच नवी नाही. मॉरिशसमधील मराठी घराण्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा या भागांतून कराराने ऊसमळ्यांवर गेले. ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले ते त्याच काळात. त्या करारावर अंगठा उठविणाऱ्या बहुतेकांस तो वाचता येत नव्हता. आजच्या मुलांना वाचता येते, हा फरक मोठा आहे. तथापि वाचण्यासाठी करार हाती तर आला पाहिजे.

आपल्या देशातील कायद्याचीही थोडी ओळख हवी. १९८३ च्या परदेशगमनविषयक कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या प्रत्येक एजंटास परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करणे बंधनकारक केले. नोंदलेल्या एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यांनी घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढी ठरविण्यात आली. दहावी न झालेल्या माणसास आखाती देशांसह ठराविक अठरा देशांत नोकरीस जाताना सरकारी मंजुरी लागते व त्या निमित्ताने त्याचा करार तपासला जातो. ब्रिटन व इटली त्या अठरांत नाहीत. म्हणजे तिकडे जाणाऱ्याच्या करारावर येथे कोणाचीही नजर पडत नाही. ही उणीव भरून काढावयाची तर ती गावातच भरून काढली पाहिजे.

आता पैशाचा हिशेब. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून किमान मजुरी तासाला १२.२१ पौंड होती व योजनेनुसार आठवड्यास निदान ३२ तासांचे वेतन द्यावे लागते. म्हणजे आठवड्याला सुमारे ३९० पौंड. त्यातून निवासापोटी आठवड्याला ७५ पौंडांच्या आसपास वजा धरावेत. पौंडास ११५ रुपये धरल्यास पूर्ण २६ आठवड्यांत नऊ लाख चाळीस हजारांच्या आसपास रक्कम दिसते. यातून विमानभाडे, व्हिसाचे शुल्क, जेवणखाण व किरकोळ कपात जावयाची आहे. परंतु पूर्ण सव्वीस आठवडे काम मिळेलच असे नाही. स्ट्रॉबेरी तोडताना ताशी ठरलेले किलो भरले नाहीत, अथवा बहर लवकर संपला, तर दहा आठवड्यांतही परतावे लागते. मग हाती साडेतीन लाखच येतात, आणि खर्च तेवढाच राहतो. अशा माणसाने मध्यस्थास पाच लाख व्याजाने काढून दिले असतील, तर तो कर्ज फेडण्यासाठी गेला आणि कर्जच वाढवून आला, असे होते. २०२२ साली इंडोनेशियातून ब्रिटनमध्ये गेलेल्या अनेक मजुरांची हीच गत झाल्याचे उघड झाले होते. मध्यस्थाने मागितलेली रक्कम दहा आठवड्यांच्या कमाईतून फिटत नसेल, तर जाऊ नये, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

लोणंदकराच्या हिशेबात आणखी एक रकमेचा रकाना हवा, जो कोणताही एजंट मांडून दाखवीत नाही. तिकडील तोडणी साधारणपणे मे ते ऑक्टोबर चालते. गरवा कांदा तोवर चाळीत पडलेला असतो व तो केव्हा बाजारात काढावयाचा, याचा निर्णय नेमका त्याच महिन्यांत करावयाचा असतो. पालखी लोणंदास मुक्कामी येते त्या सुमारास बाजरीची पेरणी व हळव्या कांद्याची रोपे यांची घाई असते. हळवा कांदा काढणीस येतो तेव्हा परदेशी गेलेला मुलगा नुकता परतीच्या वाटेवर असेल. घरी दुसरा कर्ता माणूस असेल तर प्रश्न नाही. म्हातारे आईवडील व एकटी सून मागे राहणार असतील, तर पडीक राहणाऱ्या रानाचे व चाळीत सडणाऱ्या मालाचे पैसेही वजा करूनच बेरीज मांडावी.

तरीही जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. सातारा जिल्ह्यातील तरुणास एक लाभ उपजतच आहे. महाबळेश्वर, पाचगणी, जावळी, वाई या पट्ट्यात स्ट्रॉबेरीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, आणि ब्रिटनचा तेथून पुढे लागतो. ज्याने दोन हंगाम येथे फळ तोडले, प्रत लावली, पेट्या भरल्या, त्याचा हात तिकडे पहिल्या आठवड्यापासून चालेल. अशा तरुणांना बागाईतदारांकडून अनुभवाचा दाखला मिळवून देणे, हे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवश्य करावे.

त्याबरोबर निघणाऱ्याकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मालकाचे अथवा संस्थेचे नाव, प्रमाणपत्राचा किंवा अनुमतीचा क्रमांक, एजंटाचा नोंदणी क्रमांक व दिलेल्या पैशाची पावती. एजंट नोंदणीविना आढळल्यास पोलीस ठाण्यात तक्रार करता येते, तसेच मुंबईतील प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स यांच्या कचेरीस कळविता येते. कराराची एक प्रत घरी राहू द्यावी, आणि ती चाळीच्या किल्लीसारखी घरातील एका माणसाच्या स्वाधीन असावी.