कुस्कोला गेलात, नगरला उतरला नाहीत!

मागच्या महिन्यात आमच्या टीममधला एक मित्र पेरूला जाऊन आला. (फळ नव्हे, देश!) पाठीवर सॅक, हॉस्टेलमधला बंक बेड, सगळा अस्सल बॅकपॅकर थाट. सोमवारी लंचला कुस्को शहरातल्या एका दिवसाचे फोटो दाखवत होता. सकाळी इंकांच्या दगडी भिंती, दुपारी सूर्यमंदिराच्या जोत्यावर स्पॅनिशांनी बांधलेला मठ, संध्याकाळी बाजार आणि रात्री चौकातल्या बारमध्ये दोनपर्यंत नाच. फोटो झक्कास होते, खोटं कशाला बोलू? पण शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "नाहीतर तुमचं नगर! एसटी स्टँड सोडून आहे काय तिथं?"

च्यायला, डोकंच फिरलं.

हा गृहस्थ शिर्डीला जाताना निदान दहा वेळा नगरवरून गेलाय. एकदाही गावात शिरलेला नाही. कोड न उघडताच 'यात काही दम नाही' अशी कमेंट टाकणाऱ्याला आपण काय म्हणतो?

म्हणून परवाच्या शनिवारी मीच सॅक लावली, पुण्याहून लाल डबा पकडला आणि ज्या गावात दहावीपर्यंत शिकलो तिथं पर्यटक म्हणून उतरलो. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. तोंडात अजून नगरच येतं.)

कुस्को ही इंकांची राजधानी. आणि नगर? मलिक अहमदनं १४९० मध्ये वसवलेली निजामशाहीची राजधानी. सकाळी भुईकोट किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. मोगलांनी १५९५-९६ मध्ये सुरुंगानं तट उडवला, तेव्हा चांदबीबीनं ते खिंडार रातोरात बुजवून घेतलं, तो हा किल्ला. १९४२ च्या ऑगस्टात नेहरू, पटेल, आझाद यांना आणून कोंडलं तेही इथंच. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' याच कैदेत लिहिलं गेलं. आपल्या शेल्फवर ते पुस्तक असतं, आणि ते लिहिलं गेलं ती जागा घरापासून सव्वाशे किलोमीटरवर!

मग रणगाडा संग्रहालय. पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन रणगाडा आणि रोल्स रॉइसची चिलखती गाडी एकाच आवारात. दुपारी पाथर्डी रस्त्यानं शहा डोंगरावर. ज्याला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात तो महालही नाही आणि चांदबीबीचाही नाही. ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची अष्टकोनी कबर. वर चढून कमानीत बसलो. खाली सगळं नगर पसरलेलं आणि कानात नुसता वारा. अर्धा तास फोन काढावासा वाटला नाही, यातच काय ते समजा.

आता आमच्या बाजूचे बग्जही सांगतो, नाहीतर म्हणाल गावचा म्हणून कौतुक करतोय. याच कबरीच्या भिंतीवर बदाम कोरून नावं लिहिलीयेत. ती पेरूच्या लोकांनी नाही लिहिली. आम्ही नगरकरच पाहुण्याला विचारतो, "इथं काय बघायला आलात?" मग पाहुणा येईल कशाला?

राहता राहिली नाइटलाइफ. कापडबाजाराची शटरं पडली की गाव झोपतं, पण स्टँड झोपत नाही. पुणे, संभाजीनगर, मनमाड, सोलापूर, कल्याण, सगळीकडचे रस्ते इथं एकत्र येतात. रात्री साडेअकराला कटिंग मारत कंडक्टर, कांद्याचे व्यापारी आणि परीक्षेला निघालेली पोरं यांच्या गप्पा ऐकल्या. कुठल्याही पबपेक्षा भारी!

हे सगळं सोमवारी ऑफिसात रंगवून सांगितलं. टीममधली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "साडेअकराला स्टँडवर चहा तू प्यायलास. मी पिऊ शकते का?"

मी गप्प. मग मित्राचे फोटो पुन्हा पाहिले. कुस्कोच्या त्या चौकात रात्री मुली पायऱ्यांवर निवांत बसलेल्या होत्या. इतके दिवस मी फक्त बार बघत होतो. माझ्या स्टँडवर त्या रात्री बायका होत्या त्या बॅगा घट्ट धरून बसची वाट बघणाऱ्या. चहा पीत रेंगाळणारी एकही नव्हती.

तेव्हा मंडळी, माझं भांडण दोघांशी आहे. तुमच्याशी, कारण सात समुद्रापार जाऊन दगड बघता आणि वाटेतली राजधानी बायपासनं टाळता. आणि आमच्या गावाशी, कारण आम्हाला वाटतं की पर्यटन म्हणजे किल्ल्याला रंगीत दिवे लावणं. रंगीत दिवे नकोत. स्टँडबाहेरच्या रस्त्यावर साधे दिवे लावा, स्वच्छ बाथरूम द्या आणि एकटी मुलगी दिसली तर टक लावून बघू नका. बाकी दाखवायला आमच्याकडे पाचशे वर्षांचा माल पडलाय.

असो. पुढच्या वेळी शिर्डीला निघाल तेव्हा नगरला उतरा. चहा माझ्याकडून. तोही दिवसा, सध्या तरी.