सीटखालचं इंजिन

गेल्या महिन्यात पुन्हा एक जुनी टोयोटा प्रीव्हिया बघायला गेलो. डेन्व्हरच्या आमच्या दारात आधीच एक उभी आहे, म्हणून बायको सोबत आली ती राखणीला.

अमेरिकेत हिची १९९१ ते १९९७ ची मॉडेलं मिळतात. अंड्यासारखा आकार, आणि इंजिन जवळजवळ आडवं झोपवून पुढच्या सीटखाली. माझा जीव त्यातल्या ऑल-ट्रॅकवर. ताकद कायम चारही चाकांना, बटण दाबायला नको. इथे बर्फ पडला की त्याची किंमत कळते. पार्ट मात्र भंगारवाल्यांकडे हुडकावे लागतात.

अशी गाडी घेताना मी आधी टायर बघतो. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारं एक व्हिस्कस कपलिंग असतं, आत दाट सिलिकॉन तेल. चाकं घसरून वेगात फरक पडला की ते काम करतं. पण दोन टायर नवे आणि दोन झिजलेले असले तर घेरच वेगळा. मग कोरड्या, सरळ रस्त्यावरही त्याला उसंत नाही. तापून तापून कामातून जातं.

त्या गाडीचे मागचे दोन टायर कोरे करकरीत होते. मालक तेच कौतुकाने दाखवत होता! गंज नाही, किंमत आवाक्यातली. पंधरा मिनिटं मनाशी भांडलो, मग नको म्हटलं.

परतताना बायको गप्पच होती. घर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "कपलिंग बदलायला किती लागतील, विचारलंस का?"