कूर्मदृष्टि

गेल्या महिन्यांत हें सदर रिकामें राहिलें, तेव्हां "मास्तर आजारी आहेत कीं काय?" अशी विचारणा करणारीं पत्रें कित्येक वाचकांनीं पाठविलीं. त्यांचा मी ऋणी आहें. मी धडधाकट होतों. आजारी होतें तें आमच्या घरांतील एक कासव. एका कासवापायीं साऱ्या कुटुंबाची झोप उडावी, हें सांगतांना थोडा संकोच वाटतो. पण या शुश्रूषेंत जें शिकलों तें इतर घरांनाहि उपयोगी पडेल. शिवाय तींत माझ्या एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. म्हणून संकोच बाजूस ठेवून लिहितों.

पांच वर्षांपूर्वीं माझ्या पुतण्यानें पुण्याहून, शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानांतून, बंद्या रुपयाएवढें एक हिरवेंगार पिलूं आणलें. डोळ्यामागें दोहों बाजूंस तांबडा पट्टा. ही जात मूळची अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतील आणि पाण्यांत राहणारी. (आपल्या देशांतलीं कासवें, मग तीं पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेलीं असोत वा विहिरींतलीं असोत, घरीं पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे. घरांत लक्ष्मी येते या समजुतीनें कोणी तीं ठेविलीं असतील, तर त्यांनीं तीं वन खात्याच्या स्वाधीन करावीं हें बरें.) त्या दिवसांत मी नातवास अमरकोश शिकवीत होतों. कूर्म, कमठ, कच्छप या तीन नांवांतून त्यानें तिसरें निवडलें, आणि पिलाचें बारसें झालें.

मीं एकच अट घातली : या घरांत मासळीचा वास येतां कामा नये. तेव्हां कच्छपास आमच्याच ताटांतलें अन्न मिळूं लागलें. भाताचीं शितें, पोळीचे तुकडे, काकडीच्या चकत्या. तें तें खाई, आणि आमच्या घरचें कासवहि शाकाहारी आहे असें मी पाहुण्यांस मोठ्या कौतुकानें सांगें.

यंदा पौषांत वाईस थंडी बरीच पडली. एके सकाळीं नातू म्हणाला, "आजोबा, कच्छप डोळे उघडत नाहीं." मीं जाऊन पाहिलें आणि थट्टेनें म्हणालों, "अरे, गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञाला कासवाचीच उपमा दिली आहे. तें ध्यानस्थ बसलें असेल." चार दिवसांनीं तें ध्यान नव्हे हें कळलें. पापण्या सुजून वाटाण्यासारख्या झाल्या होत्या, नाकाशीं बुडबुडे येत होते, आणि पाण्यांत तें एका बाजूस कलून तरंगत होतें. अन्नास तोंड लावीत नव्हतें. मीं त्याची कांचेची पेटी खिडकीच्या बंद तावदानाशीं उन्हांत ठेविली व हाताशीं होतें तें केल्याचें समाधान मानलें. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, कशाला जिवाला घोर? कृष्णामाईच्या स्वाधीन करा." नातवानें हें ऐकलें मात्र, आणि तो रात्रभर त्या पेटीशेजारीं अंथरूण घालून निजला. दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं पुण्यास पक्षी व सरपटणारे प्राणी यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंस फोन केला.

त्यांची पहिली सूचना प्रवासाविषयीं होती. आजारी कासव पाण्यांत घालून नेऊं नये. तें दमतें व बुडूंहि शकतें. खोक्यांत कोमट ओलसर फडका अंथरून, बाजूस गरम पाण्याची पिशवी कापडांत गुंडाळून ठेवावी. त्याप्रमाणें आम्हीं पुणें गांठलें. बाईंनीं प्रथम वजन केलें, क्षकिरणांनीं छातीचें चित्र घेतलें आणि एका फुप्फुसावर डाग दाखविला. मग मजकडे वळून विचारलें, "काका, खायला काय घालतां?"

"शुद्ध शाकाहार," मीं अभिमानानें सांगितलें.

बाई क्षणभर गप्प राहिल्या. माझी मुलगी शोभेल असें त्यांचें वय. पण चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासणाऱ्या मला, आपली वही कोणी तपासीत आहे असें त्या क्षणीं वाटलें. त्यांनीं शांतपणें समजावून दिलें तें असें. या जातीचीं पिलें किडे, लहान मासे यांवरच मुख्यतः वाढतात. वय वाढतें तसा पाल्याकडे कल होतो. भात, पोळी व काकडी यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतें. तें न मिळाल्यानें डोळ्यांभोंवतालच्या ग्रंथि सुजतात व पापण्या मिटतात. हें कासव भक्ष्य मुख्यतः डोळ्यांनीं शोधतें, म्हणून डोळे मिटतांच खाणें सुटतें. श्वासनलिकेचें आंतलें अस्तरहि दुबळें होऊन तेथें रोगजंतु शिरतात. खिडकीच्या उन्हाचा उपयोग नव्हता, कारण हाडें व पाठ बळकट होण्यास लागणारे सूर्याचे नीलातीत किरण कांचेंतून आंत येत नाहींत. तात्पर्य, कच्छपाचे डोळे थंडीनें मिटले नव्हते. ते माझ्या अटीनें मिटले होते.

मीं विचारलें, "नदींत सोडलें असतें तर?" बाई म्हणाल्या, "तें बहुधा मेलें असतें. आणि जगलें असतें तर अधिक वाईट." जगांतील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींच्या यादींत या कासवाचें नांव आहे. तें आपल्याकडच्या कासवांचें अन्न व जागा बळकावतें.

उपचारांत सर्वांत मोठें औषध ऊब हें होतें. कासवाचें रक्त बाहेरच्या हवेप्रमाणें थंड वा गरम होतें. शरीर गार असतां टोंचलेलें औषधहि नीट लागू पडत नाहीं. म्हणून पाण्याची उष्णता २६ ते २८ अंश आणि दिव्याखालची कोरडी जागा ३० अंशांच्या वर ठेवावयाची, रात्रींहि खंड पडूं द्यावयाचा नाहीं. नीलातीत किरणांची नळी निराळी. दिवसाचा बराच वेळ त्यास पाण्याबाहेर ठेवून, ठराविक वेळीं उथळ कोमट पाण्यांत बसवावयाचें, म्हणजे तें पाणी पितें व बुडत नाहीं. डोळे क्षारजलानें पुसून थेंब घालावयाचे. इंजेक्शन दर तिसऱ्या दिवशीं, आणि तें पुढच्याच पायांत. कारण मागच्या भागांतलें रक्त आधीं मूत्रपिंडांकडे जाऊं शकतें. आमच्या येथील गुरांच्या डॉक्टरांनीं आपण कासवाला कधीं हात लावला नाहीं हें मोकळेपणानें सांगितलें, पुण्याच्या बाईंना फोनवर सर्व विचारून घेतलें आणि मगच सुई हातीं धरली. अशा प्रामाणिक माणसाला नमस्कार असो.

दोन इशारे वाचकांनीं टिपून ठेवावेत. गुरांना व कुत्र्यांना जंतांसाठीं देतात तें आयव्हरमेक्टिन नांवाचें औषध कासवास प्राणघातक आहे. आणि जीवनसत्त्व कमी पडलें म्हणून दुकानांतले थेंब आणून मनानें पाजूं नयेत. अ जीवनसत्त्व अधिक झालें तर कातडी सोलून निघते.

आतां अन्नाचा प्रश्न. बाईंनीं लिहून दिलेल्या खाद्याच्या गोळ्यांत मासळीची भुकटी होती. ती पुडी हातांत घेऊन मी दिंडी दरवाजांतच थांबलों. आमच्या घरांत चार पिढ्या जें आलें नाहीं, तें मीच आणीत होतों. आमच्या कुटुंबानें आंतून पाहिलें आणि विचारलें, "अहो, थांबलांत कां?" मीं कारण सांगितलें. त्यावर ती म्हणाली, "मांजरानें उंदीर धरला तर आपण त्याला प्रायश्चित्त देतों का? व्रत आपलें आहे, त्याचें नाहीं. आपल्या व्रताचा उपास दुसऱ्याला घडवूं नये." गीता मी वाचतों, पण हा अर्थ मला तिनें सांगितला.

पेटी पडवींत हलविली. तिचीं भांडीं निराळीं, फडकें निराळें, वजनाचा कांटाहि निराळा. पेटीचें पाणी मोरींत न ओततां बाहेर टाकावयाचें, आणि कासवास शिवल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून स्वयंपाकघरांत पाऊल ठेवावयाचें नाहीं, असा नियम सूनबाईंनीं भिंतीवर लिहून लावला. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरहि साल्मोनेला नांवाचे जंतु असतात. लहान मुलांस त्यांपासून जुलाब व ताप येतो. याच कारणास्तव अमेरिकेंत १९७५ सालीं चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद करण्यांत आली. आमच्या आत्याबाई तो नियम वाचून एवढेंच म्हणाल्या, "माझ्या सोवळ्याला मात्र इतकीं वर्षें हंसत होतां."

शुश्रूषेंत कठीण गेलें तें औषध नव्हे. वाट पाहणें कठीण गेलें. आपल्याकडे आजाऱ्यास औषध दिलें कीं संध्याकाळीं ताप उतरावा अशी अपेक्षा असते. कासवाच्या शरीरांत सर्वच व्यापार मंद. आजार मंद चढतो, तसाच मंद उतरतो. नातू घडोघडीं त्यास उचलून पाही, पाठीवरून हात फिरवी, "बरें वाटतें का?" म्हणून विचारी. बाईंनीं तें बंद करविलें. कासवाला उचलणें म्हणजे त्याला भीति घालणें. आंजारणें-गोंजारणें हें त्याचें सुख नव्हे, तें आपलें. त्याऐवजीं एक वही घालून दिली : रोज सकाळीं ठराविक वेळीं वजन, पाण्याची उष्णता, श्वास तोंडानें कीं नाकानें, विष्ठा झाली कीं नाहीं. पहिल्या दिवशीं ४१२ ग्रॅम, मग ४०५, मग ३९८. तिसऱ्या आंकड्याला नातवाचें अक्षर थरथरलेलें दिसतें. नळीनें पोटांत अन्न घालावें लागलें. पंधराव्या दिवशीं वजन ३९८ वरच थांबलें, आणि उतरलें नाहीं एवढ्याच आनंदांत आम्हीं शिरा केला.

आपल्या संतवाङ्मयांत कूर्मदृष्टि म्हणून एक कल्पना आहे. कासवी पिलांना पान्हा पाजीत नाहीं, कुशींत घेत नाहीं. दुरून नुसत्या दृष्टीनें पोसते, अशी ती समजूत. प्राणिशास्त्र हें मानीत नाहीं. कासवी वाळूंत वा मातींत अंडीं घालून निघून जाते, पिलांचें तोंडहि पाहत नाहीं. पण ती कल्पना कासवांच्या बाबतींत खोटी ठरली, तरी त्यांच्या शुश्रूषेस तंतोतंत लागू पडते. हात न लावतां नजर ठेवावयाची. आपल्या समाधानासाठीं नव्हे, तर त्याला काय हवें तें ओळखण्यासाठीं. सेंट हेलेना बेटावर १८८२ सालीं नेलेलें जोनाथन नांवाचें थोरलें भूकासव म्हातारपणीं मोतीबिंदूनें आंधळें झालें, त्याची चोंच बोथट होऊन तें रोडावलें. तेथील पशुवैद्य जो हॉलिन्स यांनीं तें नीट निरखून त्यास फळें व भाज्या हातानें भरविण्यास आरंभ केला. पुढें चोंचीलाहि पुन्हा धार आली. तेथेंहि औषधाआधीं पाहणें आलें. पांच वर्षें माझ्या घरांतलें कासव मी रोज पाहत होतों. पण मी पाहत होतों तें माझ्या अटीचें कौतुक.

तेविसाव्या दिवशीं डावा डोळा किलकिला झाला. तिसाव्या दिवशीं त्यानें पहिली गोळी स्वतः उचलली. नातवानें त्या तारखेभोंवतीं वहींत तांबडें वर्तुळ काढलें आहे. उजव्या डोळ्यावर अजून सारा आहे. तो जाईल असें आश्वासन बाईंनीं दिलेलें नाहीं, आणि मागण्याचा अधिकार मला नाहीं.

परवां सकाळीं मी वजनाची नोंद करावयास पडवींत गेलों. कच्छप दिव्याखालीं मान लांब करून बसलें होतें. त्यानें एका डोळ्यानें मजकडे पाहिलें, ओळखलें कीं नाहीं कोण जाणे, आणि चट्‌दिशी मान आंत ओढून घेतली. मी चार पावलें मागें सरलों आणि तें पुन्हा मान बाहेर काढीपर्यंत उभा राहिलों. वजन दुपारीं केलें.